कपाळाचं काम

आठव्या दिवशी सकाळी कामाला बसले. डाव्या हाताच्या तर्जनीने डावी भुवई वर ढकलून धरली आणि उजव्या हाताने स्क्रीनवरची मुद्रितं तपासायला लागले. पाच-सात मिनिटं हे असंच चाललं असेल. मग एकदम लक्षात आलं, आपण हे काय करतोय? हात खाली घेतला. भुवईखालची कातडी झालरीसारखी डोळ्यावर उतरली आणि वरच्या दोन ओळी तिच्याआड गेल्या. हनुवटी उंच केली तेव्हा कुठे त्या पुन्हा दिसल्या.

आठ दिवसांपूर्वी मी कपाळावरच्या सुरकुत्या घालवण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात त्याची, इंजेक्शनं घेतली होती.

माझ्या कपाळावर आठ्या बऱ्याच वर्षांपासूनच्या. चार आडव्या, आणि भुवयांच्या मध्ये एक उभी, जराशी डावीकडे कललेली. 'कपाळाला आठ्या घालणं' म्हणजे आपल्या भाषेत सरळसरळ नापसंती. मनात नापसंतीचा लवलेश नसतानाही मी ती चेहऱ्यावर वागवत हिंडत होते. हाताखाली काम करणारी एक नवी मुलगी पहिल्याच आठवड्यात रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का? तुम्ही सारख्या माझ्या पानांकडे रागाने बघता." मी तिच्या पानांकडे रागाने बघत नव्हते, नुसती बघत होते. त्या दिवशी घरी येऊन आरशापुढे बराच वेळ उभी राहिले. आपण जे नाही ते आपला चेहरा सांगत सुटलाय, हे मला फार लागलं. थोडं तरुण दिसावं असंही वाटत होतं. तेही खरंच आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं. कसली ॲलर्जी आहे का, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, याआधी कधी हे घेतलंय का. मग भुवया वर करायला सांगितल्या, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, आणि पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या. भुवयांच्या मध्ये पाच, वर कपाळावर पाच. मुंगी चावल्यासारखे दहा टोचे, आणि काम संपलं. सुई बारीक होती, हात हलका होता, स्वच्छतेत काही उणं नव्हतं. एकच गोष्ट राहून गेली. डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा आणि मग भुवया न हलवता डोळे उघडा, असं मला कोणी सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी कपाळावर घट्ट टोपी घातल्यासारखं वाटायला लागलं. बारीक डोकेदुखीही होती, ती दोन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी आरशात भुवया उचलायला गेले, तर वरून कोणी ओच देईना. कपाळ तळ्यासारखं सपाट होतं. मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. त्या संध्याकाळी मी तीन वेळा दिवा लावून स्वतःचा चेहरा पाहिला. पुढे जे झालं त्यामुळे त्या आनंदाला खोटं पाडावं, असं मला वाटत नाही.

सहाव्या दिवशी डोळ्यांवर ओझं आलं. झोप अनावर झाल्यावर येतं तसं, फक्त झोप येत नव्हती. सातव्या दिवशी शेजारणीने विचारलं, "बरं नाहीये का?" आठव्या दिवशी ते भुवई धरून बसणं.

क्लिनिकमध्ये फोन केला. पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं की पंधरा दिवस थांबा, पूर्ण परिणाम तेव्हाच कळतो, आणि हे सगळं तात्पुरतं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सही केलेला कागद काढून पाहिला. 'पापण्या किंवा भुवया काही काळ जड वाटू शकतात' अशी एक ओळ त्यात होती. दुसऱ्यांच्या वाक्यांतले शब्द तपासण्यात माझं आयुष्य गेलं आणि या ओळीवरून मी सरळ पुढे गेले होते. 'जड' म्हणजे किती जड? 'काही काळ' म्हणजे किती काळ? साधारण तीन महिने, कधी चार. दिवसाचे सोळा तास जागं राहणाऱ्या माणसाला हा काही काळ नव्हे.

मग मी एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, कपाळ सैल सोडायला सांगितलं, अंगठ्याने भुवई हलकेच जागच्या जागी धरून ठेवली आणि म्हणाल्या, "आता उघडा." दोन्ही डोळ्यांनी एकेका अरुंद फटीतून पाहिल्यासारखं जग दिसलं. त्यांनी माझे दोन वर्षांपूर्वीचे फोटो मागितले. फोनमधला एक फोटो मोठा करून त्या म्हणाल्या, "हे बघा. इथेही तुमच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन खाली आलेली आहे. ती डोळ्यांवर येऊ नये म्हणून तुमचं कपाळ दिवसभर भुवया उचलून धरत होतं. या आडव्या आठ्या त्याच कामाच्या."

मी त्या फोटोकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्या चार रेघांचा राग राग करत होते, त्या माझे डोळे उघडे ठेवत होत्या.

कपाळावरचा हा स्नायू, फ्रंटॅलिस, मोठा विलक्षण आहे. तो हाडाला चिकटलेला नसतो. डोक्याच्या वरच्या बाजूच्या पातळ, चिवट पडद्यापासून निघतो आणि खाली भुवयांच्या कातडीत येऊन मिसळतो. त्याचे तंतू उभे असतात, म्हणून तो आखडला की कातडीला आडव्या घड्या पडतात. भुवयांना खाली ओढणारे स्नायू अनेक आहेत. नाकाच्या मुळाशी एक, भुवयांच्या आतल्या टोकांना एकेक, आणि डोळ्याभोवती गोल फिरलेला आणखी एक. वर उचलणारा मात्र हा एकटाच. खाली ओढणारे इतके आणि वर धरणारा एक, असा हा जन्मभराचा रस्सीखेचीचा खेळ. त्यातल्या एकट्या गड्यालाच आम्ही झोपवलं. भुवया खाली येणारच होत्या. म्हणूनच कपाळाच्या आडव्या रेघांसाठी टोचताना भुवयांमधल्या, खाली ओढणाऱ्या स्नायूंनाही सैल करायचं असतं, आणि भुवईच्या वर दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी सोडून द्यायची असते, म्हणजे खालच्या टोकाला थोडं बळ उरतं. माझ्या बाबतीत हे दोन्ही पाळलेलं होतं. पण उरलेलं ते थोडं बळ ज्या कामाला पुरायला हवं होतं, ते काम किती मोठं आहे हे कोणी मोजलंच नव्हतं.

औषधाने आपलं काम चोख केलं. बोट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि तिथलं स्नॅप-२५ नावाचं प्रथिन तोडतं. स्नायूला 'आखड' असं सांगणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते ज्या पिशव्यांत भरलेलं असतं, त्या पिशव्या या प्रथिनावाचून बाहेर रिकाम्या होऊ शकत नाहीत. निरोप निघत नाही, स्नायू स्वस्थ पडून राहतो. मी बाईंना विचारलं, यावर उतारा नाही का? नाही. एकदा ते मज्जातंतूच्या आत गेलं की बाहेर काढायची सोय नाही. पापणीच खाली आली असती तर एक थेंबांचं औषध आहे, ॲप्राक्लोनिडीन. ते पापणीतल्या एका छोट्या स्नायूला जागं करून ती एक-दोन मिलिमीटर वर उचलतं. पण माझी पापणी पडली नव्हती, भुवई पडली होती. दोन्हींना लोक 'डोळा जड झाला' असंच म्हणतात, पण दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली अगदी थोडं औषध टोचून खालची ओढ कमी करता येते, एखाद मिलिमीटर मिळतो. मी नको म्हटलं. आणखी एक सुई घेण्याचा धीर माझ्यात नव्हता.

त्या दिवसांत मी या औषधाबद्दल मिळेल ते वाचलं. राग होता, आणि राग आला की मी वाचते. या गोष्टीची सुरुवात ज्या माणसापासून होते, तो कवी होता. युस्टिनुस केर्नर हा जर्मन डॉक्टर. खराब झालेली सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. त्या रोग्यांच्या लक्षणांची त्याने बारकाईने नोंद केली आणि १८२० आणि १८२२ साली त्यावर लिहिलं. डोळ्यांच्या पापण्या खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोंड कोरडं पडतं, आणि मन मात्र शेवटपर्यंत जागं असतं. त्याने ते विष स्वतःवरही थोडंसं घेऊन पाहिलं, आणि कधीतरी हे औषध म्हणून वापरता येईल असंही लिहून ठेवलं. बोट्युलिनम हे नावच सॉसेजसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींत पापण्या खाली आल्याचं वाचलं तेव्हा पोटात कालवलं. माझं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं, नखाएवढ्या जागेपुरतं होतं. पण घराणं तेच.

त्याहून मला हलवून गेली ती पुढची गोष्ट. हे विष औषध म्हणून पहिल्यांदा रुजवलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय शोधत होते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तिरळेपणा आणि डोळ्यांची अनावर, सतत होणारी मिटमिट यांसाठी त्याला मंजुरी दिली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉक्टर जीन कॅरदर्स अशाच मिटमिटीच्या रोग्यांना ते देत होत्या. त्यातल्या एका बाईंनी भुवयांच्या मध्येही टोचा, असा हट्ट धरला, कारण तिथे टोचलं की आपला चेहरा शांत दिसतो असं त्यांच्या लक्षात आलं होतं. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर लेख लिहिला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत मंजुरी आली २००२ मध्ये, कपाळावरच्या आडव्या रेघांसाठी थेट २०१७ मध्ये. म्हणजे डोळ्यांसाठीच घडवलेलं, मिटून जाणारे डोळे उघडणारं हे औषध. माझ्या बाबतीत ते उलटं फिरलं.

ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांच्याशी मी बोलत सुटले. बायका सुरुवातीला हसून टाळतात, मग हळूच सांगतात. एकीच्या भुवयांची बाहेरची टोकं बाणासारखी वर गेली होती, सिनेमातल्या खलनायकासारखी. कपाळाचा मधला भाग झोपला आणि कडेचा जागा राहिला की असं होतं. कडेला आणखी दोन थेंब टोचल्यावर तिचं नीट झालं. दुसरीची एक पापणी पाच आठवडे अर्धी मिटलेली होती. तिसरीला महिनाभर डोळ्यांत खडे टोचत होते. टोचल्या जागी काळंनिळं होणं, दोन्ही बाजू सारख्या न होणं, हे तर कोणी मोजतच नाही. बहुतेकींचं काहीच बिघडलं नव्हतं आणि त्या समाधानी होत्या, हेही इथे लिहायला हवं.

आणि एक मैत्रीण अशी भेटली की तिच्यापुढे माझा राग निवळला. तिला महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस अर्धशिशी असायची. तिला दर बारा आठवड्यांनी हेच औषध देतात, कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून एकतीस ठिकाणी. तिचंही कपाळ हलत नाही. मी तिला विचारलं, "तुला चुकल्याचुकल्यासारखं नाही होत?" ती म्हणाली, "अगं, मी अंधाऱ्या खोलीत पडून असायचे. मला कपाळाचं काय घेऊन बसलीस?" मी गप्प बसले.

एका गोष्टीवर मात्र मी गप्प बसणार नाही. दुष्परिणाम म्हटलं की भुवई आणि पापणी एवढंच बोललं जातं. २००९ पासून अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर चौकटीत इशारा छापावा लागतो: टोचलेल्या जागेपासून दूर पसरून ते गिळणं आणि श्वास घेणं अवघड करू शकतं. चेहऱ्यासाठी वापरतात तेवढ्या मात्रेत, अस्सल औषध नीट दिलं तर असं होणं फारच विरळा. पण २००४ मध्ये फ्लोरिडात चार माणसांना परवाना नसलेलं, माणसांसाठी नसलेलं विष टोचलं गेलं आणि चौघांनाही श्वास चालू ठेवायला यंत्र लागलं. २०२४ मध्येही अमेरिकेत बनावट कुप्यांमुळे लोक रुग्णालयात गेले. कुपीतली पूड सलाइनमध्ये किती पातळ करायची, किती युनिट द्यायची, याचं गणित प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं आणि एकाची युनिटं दुसऱ्याला चालत नाहीत. म्हणून कुपी आपल्यासमोर उघडायला सांगा, तिच्यावरचं नाव आणि क्रमांक वाचा, किती युनिट दिली ते लिहून घ्या. आणि नंतर गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास वाटला तर पंधरा दिवस थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. हे मी हात जोडून सांगते.

आता आईबद्दल.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला ऐकू फार कमी येतं. यंत्र लावते, पण त्यातून आवाजापेक्षा गोंगाट जास्त येतो असं म्हणते. ती माणसांचे चेहरे वाचते. ओठ थोडे, चेहरा जास्त. ती गोष्ट सांगायला लागली की मी समोर बसून ऐकते, आणि ती डोळ्यांनी माझ्याकडून हुंकार घेत पुढे जाते. हे असं चालतं, हे मला माहीत नव्हतं. दहाव्या-अकराव्या दिवशी ती तिच्या धाकट्या भावाची एक जुनी गोष्ट सांगत होती. मी शंभरदा ऐकलेली, तरी मला आवडणारी. विहिरीच्या काठाशी आली आणि थांबली.

"तुला कंटाळा आलाय का गं?"

"नाही गं आई. सांग ना."

तिने परत सुरुवात केली. दोन वाक्यांनी परत थांबली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "जाऊ दे. तू दमलीयेस." आणि उठून आत गेली.

मला दमल्यासारखं काही वाटत नव्हतं. मी ऐकत होते. पण माझं ऐकणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. विहिरीपाशी गोष्ट आली की माझ्या भुवया वर जात असणार. मामा बुडता बुडता वाचतो तेव्हा त्यांची आतली टोकं एकमेकींकडे सरकत असणार. डार्विनने भुवयांची आतली टोकं तिरपी वर नेणाऱ्या स्नायूंना दुःखाचे स्नायू म्हटलं होतं. नेमके तेच माझ्या चेहऱ्यावर बंद होते. आईला समोर दिसत होता तो एक गुळगुळीत, जड डोळ्यांचा, कशानेच न हलणारा चेहरा.

मी तिला काय झालंय ते पाटीवर लिहून सांगितलं. तिने वाचलं. माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला, लहानपणी ताप बघायची तसा, आणि म्हणाली, "दुखतंय का?" बाकी काही नाही. मला वाटलं होतं ती रागावेल.

पुढे एक अभ्यास वाचण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेला, लहानसाच. त्यात ज्यांच्या चेहऱ्याचे स्नायू या औषधाने शांत झाले होते, त्यांना दुसऱ्यांच्या डोळ्यांतले भाव ओळखायला किंचित जड गेलं, असं दिसलं. समोरच्याचा चेहरा आपण नकळत आपल्या चेहऱ्यावर गिरवतो आणि त्यावरून त्याचं मन ओळखतो, असा त्यामागचा विचार. तो फरक फार छोटा होता आणि त्यावरून मोठं काही बोलू नये हे मला कळतं. तरीही त्या तीन महिन्यांत मला आईचं मन नेहमीसारखं कळत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहिले. आम्ही दोघी एकमेकींना जरा जास्त वेळा 'काय गं?' म्हणत होतो, एवढं आठवतं.

या काळात मी युक्त्या शोधल्या. स्क्रीन खाली घेतली, म्हणजे वर बघावं लागत नाही. गाडी चालवणं बंद केलं, कारण वरचा सिग्नल मान मागे टाकल्याशिवाय दिसत नव्हता. संध्याकाळी मान दुखायची. आईशी बोलताना मान डोलवायला शिकले, हात हलवायला शिकले, 'अगं बाई!' असं तोंड मोठं उघडून म्हणायला शिकले, तिला ते दिसावं म्हणून. ती थोडं हसायची. गोष्टी मात्र तोकड्या होत गेल्या.

बंद पडलेलं मज्जातंतूचं टोक हळूहळू आपल्या बाजूने नवे कोंब काढतं, त्यांच्यातून स्नायूला तात्पुरते निरोप जायला लागतात, आणि पुढे मूळ टोक सावरलं की कोंब मागे सरतात. शरीर एवढं सगळं कोणालाही न सांगता करतं. दहाव्या आठवड्यात डाव्या भुवईच्या टोकाशी काहीतरी हललं. आरशात दिसलं नाही, आतून कळलं. मग ती बाजू थोडी वर, उजवी अजून खाली, असे बारा-पंधरा दिवस गेले. त्या वाकड्या चेहऱ्याने मी बाजारहाट केला, कामाला गेले. त्या नव्या मुलीने आता काही विचारलं नाही. मीच तिला बोलावून सगळं सांगितलं, आणि पहिल्या आठवड्यातलं तिचं रडणं मी विसरले नाही, हेही सांगितलं.

नेत्रतज्ज्ञ बाई म्हणतात, पापण्यांवरची जादा कातडी शस्त्रक्रियेने काढता येईल, मग कपाळाला एवढं राबावं लागणार नाही. मी अजून ठरवलेलं नाही.

तेराव्या आठवड्यात एका दुपारी आई पलंगावर बसली होती, मी खाली जमिनीवर. तिने मामाची गोष्ट काढली. विहीर आली. काठावरचा शेवाळलेला दगड आला. पाय घसरला. मामा बुडाला, वर आला, दोर हाताला लागला. ती माझ्याकडे बघत सांगत होती, आणि मध्ये थांबली नाही.